कागदावरची दवंडी

"कान द्या हो बाया-बापड्यांनो, कान द्याऽऽ! हातातलं काम खाली ठेवा, चुलीवरचं दूध उतरवा, न् कान द्याऽऽ!"

हा आवाज गेनूतात्याचा. आमच्या नगरपालिकेचा तो दवंडीवाला. आधी हलगीवर तीन ठोके, मग हे बोल, आणि मग जे काय सांगायचं असेल ते. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, लस टोचणारे आलेत, अमक्याच्या घराचा लिलाव आहे. बातमी कसलीही असो, चुलीवरचं दूध उतरवायला सांगायचं तो कधी विसरला नाही. बाईमाणूस दवंडी ऐकायला दारात येणार आणि मागं दूध उतू जाणार, याची काळजी असलेला गावात तो एकटाच पुरुष, असं मला लहानपणी वाटायचं.

त्या नगरपालिकेत मी सगळी मिळून सात महिने नोकरी केली. पुढं उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. अजूनही कुणी विचारतं, "तुमची म्हणे सरकारी नोकरी होती?" मी म्हणते, "होती." त्यापुढं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पण परवा बाजारात कुठल्याशा वरातीत हलगी कडाडली आणि माझा हात आपोआप कानाकडं गेला. चाळीस वर्षं झाली, तरी तो दिवस अजून तसाच आहे.

माझे वडील करविभागात कारकून होते. कामावर असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी मला घेतलं. तेविसावं वर्ष, घरी आई आणि शिकणारे दोन भाऊ. वडिलांचीच खुर्ची, वडिलांचंच टेबल, एवढंच काय, ड्रॉवरमध्ये त्यांची अर्धी उरलेली सुपारीसुद्धा होती. पहिलं वर्ष कच्चं असे. काही चूक झाली तर दुसऱ्या दिवशी घरी.

तो मार्गशीर्षातला सोमवार होता. वर्षानुवर्षं घरपट्टी थकलेल्या चार मिळकतींचा जाहीर लिलाव करायचं ठरलं होतं. अशा लिलावाचे नियम वडिलांनी मला घरीच कधीतरी ओट्यावर बसून सांगितले होते. लिलावाचा जाहीरनामा मिळकतीच्या दारावर चिकटवायचा, दुसरी प्रत कचेरीच्या फळ्यावर लावायची, आणि दारात हलगी वाजवून दवंडी द्यायची. हे तिन्ही झाल्यावर तीस दिवस थांबायचं. "प्रमे," ते म्हणायचे, "कागद वाचणाऱ्यासाठी. हलगी ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. आणि तीस दिवस कशासाठी, तर झोपलेल्याला उठून धावता यावं म्हणून."

मी चप्पल घालून निघाले, तेवढ्यात देव्हारेअण्णांनी हाक मारली. अण्णा आमच्या विभागातले सगळ्यांत जुने. कचेरीत साहेब बदलत, अण्णा बदलत नसत.

"कुठं निघाली स्वारी?"

"गेनूतात्यांबरोबर. चार दवंड्या आहेत ना. पंचनाम्याला समक्ष हजर राहायचं असतं."

"अगं, तरण्याताठ्या पोरीनं हलगीमागं गल्लोगल्ली हिंडायचं? लोक म्हणतील, तमाशाची गाडी आली." शेजारच्या टेबलांवरचे दोघं हसले. "बस इथं. पंचनामा लिहून टाक. पंचांच्या सह्या मी टपरीवरून आणवतो, नेहमीचेच आहेत."

"पण दवंडी अजून झाली कुठं?"

"होईलच की. गेनू काय देशांतराला चाललाय? तुझा बाप हिंडायचा आणि वर्षाला दोन जोड चपला झिजवायचा. इथं बसून लिहिलं तरी शाई तीच लागते."

मी चप्पल काढून टेबलाखाली सरकवली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. लोकांच्या दारात उभं राहून त्यांची अब्रू जाताना बघायला कुणाला आवडतं? त्यातून यादीतलं चौथं नाव मी दोनदा वाचलं होतं. घर नंबर दोनशे सतरा, कासार गल्ली. मयत नारायण रासने.

म्हणजे इंदूमामीचं घर. पुढं बांगड्यांचं दुकान, मागं दोन खोल्या. गावातल्या निम्म्या मनगटांवर तिच्या हातची काच होती. पोरगी बांगड्या भरायला बसली की मामी तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेई, पिठाच्या गोळ्यासारखी मऊ करी आणि गुणगुणे,

*हात दे गं साळूबाई, मूठ कर कळीवाणी*
*काच चढते मनगटी, जसं पाटाला गं पाणी*

गाणं संपेपर्यंत बारा बांगड्या चढलेल्या असत आणि दुखल्याचं आठवतही नसे. माझे वडील गेले त्या दिवशी आईच्या बांगड्या फोडायला शेजारणी दगड घेऊन आल्या. तेव्हा मामी घाईघाईनं आत आली आणि दगड बाहेर भिरकावून दिला. "काच भरायची मी आणि फोडायची तुम्ही?" म्हणाली. आईचा हात मांडीवर घेऊन, तेल लावून, तिनं एक एक बांगडी सोडवली. बाराच्या बारा, अख्ख्या. एकही फुटू दिली नाही.

त्या मामीचं घर. घरपट्टी तिचा नवरा भरायचा. तो गेल्यावर बिलं त्याच्याच नावानं येत राहिली आणि फळीखाली साठत राहिली. अण्णांनी मला आधीच बजावलं होतं, "ओळखीच्या घरी जाऊन काही सांगायचं नाही हं. हात ओले झाले म्हणतात लोक." मी मनाशी म्हटलं, दवंडी होणारच आहे. गेनूतात्यानं दारात हलगी वाजवल्यावर तिला कळल्याशिवाय राहील का?

आणि मी लिहिलं. "आज रोजी सकाळी साडेदहा वाजता घर नंबर २१७ चे दारात हलगी वाजवून व मोठ्याने पुकारा करून लिलावाची दवंडी देण्यात आली. त्या वेळी मी समक्ष हजर होते." माझं अक्षर चांगलं. त्यातून 'समक्ष' हा शब्द मी फार सुबक काढला होता.

संध्याकाळी गेनूतात्या परतला. पायांवर धूळ, खांद्यावर हलगी. मी शाईची डबी पुढं केली. त्यानं अंगठा शाईत बुडवला, पण कागदावर टेकवला नाही. तसाच वर धरून थांबला.

"ताई, तीन ठिकानी..."

"लाव रे बाबा अंगठा," अण्णा छत्री काखेत मारत म्हणाले. "मला सहाची गाडी गाठायचीय."

मला वाटलं, तात्याला जागा सापडत नाहीये. मी कागदावर माझं बोट ठेवून त्याला जागा दाखवली. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि माझ्या बोटाच्या शेजारी अंगठा टेकवला.

तीस दिवस गेले. कचेरीच्या पायऱ्यांवर लिलाव झाला. पहिल्या तिन्ही मिळकतींचे मालक हातापाया पडत आले आणि पैसे भरून गेले. दोनशे सतराच्या वेळी कुणीच आलं नाही. कापडवाले पोपटराव वाघुले खुर्ची टाकून बसले होते. कोपऱ्यावरच्या त्या जागेवर त्यांचा कधीपासून डोळा होता. तीनदा पुकारा झाला आणि घर त्यांच्या नावावर बोललं गेलं.

"कासारीण आली नाही," मी अण्णांना म्हणाले.

"लाजेनं आली नसेल," अण्णा म्हणाले. मलाही तसंच वाटलं. अख्ख्या गल्लीला तसंच वाटलं होतं, हे मला नंतर कळलं. दुकानाच्या फळीवरचा कागद सगळ्यांनी वाचला होता. पण ज्याचं त्याला माहीत असणारच, आपण कशाला तिच्या तोंडावर विषय काढायचा, म्हणून वाणीण बोलली नाही, तांबट बोलला नाही, समोरचे मास्तर बोलले नाहीत. सगळ्यांनी मोठ्या सभ्यपणानं तोंडं मिटून घेतली होती.

आठव्या दिवशी दुपारी इंदूमामी कचेरीत आली. एकटी नाही, खांद्यावर फळी घेऊन. दुकान बंद करायच्या ज्या उभ्या लाकडी फळ्या असतात ना, त्यांतली एक. पुरुषभर उंच. दारातून आत येताना ती अडकली, शिपाई धावला, पण मामीनं त्याला हात लावू दिला नाही. तिनं ती फळी माझ्या टेबलाला टेकवून उभी केली.

"हे वाच," ती म्हणाली.

फळीवर आमचा जाहीरनामा होता. कडा पिवळ्या पडलेल्या, खालचा शिक्का मात्र अजून निळा.

"मामी, बसा तरी..."

"वाच म्हणते ना. मला वाचता येत नाही. मला वाटलं, कुटुंब नियोजनाचा कागद असेल. गेल्या वर्षी लावला होता तसा. रोज सकाळी फळी काढत होते, रोज रात्री लावत होते. आज तो पोपटराव टेप घेऊन आला आणि माझ्या देवघराची लांबी मोजायला लागला. वाच."

मी वाचला. पहिली ओळ वाचताना माझा आवाज नेहमीसारखा होता. शेवटच्या ओळीला तो माझा मलाच ऐकू येईना.

मामीनं हात पुढं केले. दोन्ही मनगटांत सोन्याच्या पाटल्या. "ह्या माझ्या हातातच होत्या की गं. एक विकली असती तरी सगळी पट्टी फिटली असती. मला कुणी सांगितलं असतं तर..." ती थांबली. "दवंडी देतात ना तुमच्यात? माझ्या दारात कुणी हलगी वाजवली नाही."

"वाजवली नाही कशी?" मागून अण्णा उठून आले. त्यांनी कपाटातून पंचनामा काढला आणि तिच्या डोळ्यांपुढं धरला, जणू तिला वाचता येणार होतं. "हे बघा. गेनूचा अंगठा, दोन पंच, आणि ही आमच्या बाईंची सही. समक्ष हजर होत्या."

मामी कागदाकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

"तू होतीस का गं? माझ्या दारात?"

मला आजही ती वेळ आठवते. पंखा फिरत होता. फळीला एक खिळा होता, त्याला हिरव्या काचेचा तुकडा अडकला होता.

"कागदावर तसं आहे, मामी," मी म्हणाले.

तिनं फळी खांद्यावर घेतली आणि गेली.

पण गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. गल्लीतल्या त्याच मास्तरांकडून तिनं हरकतीचा अर्ज लिहून घेतला. लिलाव कायम होण्याआधी महिन्याभरात हरकत घेता येत असे आणि ती आमचे मुख्याधिकारी ऐकत. त्या वेळी राजहंस साहेब होते. नवे, तरुण आणि काटेकोर. त्यांनी दोन ओळींचा शेरा मारला, "दवंडी झाली असल्यास हरकत फेटाळावी. झाली नसल्यास लिलाव रद्द करून सर्व कार्यवाही पहिल्यापासून करावी." म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर आलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, दवंडीवाल्याने हलगीसह हजर राहावे.

सुनावणीच्या सकाळी मी कचेरीच्या मागच्या अंगणात गेले. गेनूतात्या लिंबाखाली पालापाचोळ्याचा जाळ करून हलगीचं कातडं शेकत बसला होता. थंडीत कातडं सैल पडतं, शेकल्याशिवाय बोलत नाही.

"तात्या," मी म्हणाले, "खरं सांगा. वाजवली होती?"

त्यानं हलगी उलटी केली. बोटानं टिचकी मारून बघितली. अजून आवाज बसका होता.

"तीन ठिकानी वाजवली. चौथ्या ठिकानी गेलो, तर दाराला निंबाचा डहाळा अडकवल्याला. आत कासारणीची लेक शेवंता बाळंतीन. तिसरा दिवस. लेकराचा बारीक आवाज येत हुता." तो जाळाकडं बघत बोलत होता. "ताई, बाळंतिनीच्या दारात हलगी वाजवत न्हाईत. दूध आटतं. माझ्या आज्यानं न्हाई वाजवली, बानं न्हाई वाजवली. त्यात ही घर जायाची हलगी. मी म्हनलं, लेकराचं बारसं हुंद्या, मग येतो न् वाजवतो. तीस दिसांतनं बारा गेलं तर काय हुतंय?"

"मग वाजवली का नाही?"

"आलतो की. तेराव्या दिवशी हलगी घिऊनच आलतो कचेरीत. तुम्ही जेवाया गेल्ता. अण्णा म्हनले, येड्या, कागदावर दवंडी कधीच झालीय. आता पुन्ना वाजवलीस तर तारीख चुकंल, पोरीच्या नोकरीवर येईल. जा घरी."

लिंबाची दोन पानं जाळात पडली आणि तडतडली.

"तिच्या घरी जाऊन नुसतं तोंडानं तरी सांगायचं होतं, तात्या."

"गेलतो. दोनदा गेलो दारापत्तोर. ती बारशाच्या घुगऱ्या वाटत हुती. मला वंजळभर दिल्या. म्हनली, गेनूभाऊ, नातू झाला." त्यानं मान हलवली. "त्या वंजळीत घर जातंय म्हनून कसं सांगू? तोंड उघडलं न्हाई माझं."

मी तिथंच धुळीत बसले. आत कुठंतरी घंटा झाली.

"भ्या नगा," तात्या उठला. हलगी आता खणखणत होती. "मी सांगतो वाजवली म्हनून. तुमच्या बानं माझ्या थोरल्याला शाळंत घालताना सही केली हुती. तुमच्यावर काय येऊ द्येत न्हाई मी."

आणि मी, देवाशपथ, त्याला नको म्हणाले नाही. त्याच्यामागून चालत आत गेले. चालताना माझ्या डोळ्यांपुढं भावांच्या फीच्या पावत्या होत्या.

साहेबांच्या खोलीत पोपटराव आधीच बसले होते, पायावर पाय टाकून. इंदूमामी भिंतीशी उभी होती. शेजारी शेवंता, तिच्या खांद्यावर दोन महिन्यांचं मूल झोपलेलं. डोक्याला लाल टोपरं. अण्णा साहेबांच्या उजव्या हाताला. मी टेबलाच्या कडेला, पंचनामा हातात घेऊन.

"गेनू," साहेब म्हणाले, "घर नंबर दोनशे सतराच्या दारात दवंडी दिली होती?"

"दिली हुती साहेब."

"गेनूभाऊ!" मामी म्हणाली. एवढंच. तात्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"झालं तर मग," पोपटराव उठायला लागले. "साहेब, माझा गवंडी खोळंबलाय."

"बसा." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "गेनू, त्या दिवशी जशी दिलीस तशी इथं दे. बोल न् बोल. मला ऐकायचंय."

तात्यानं हलगी छातीशी धरली. काडी उचलली. तीन ठोके पडले. बंद खोलीत ते असे कडाडले, की खिडकीची काच थरथरली.

"कान द्या हो बाया-बापड्यांनो, कान द्याऽऽ! हातातलं काम खाली ठेवा, चुलीवरचं दूध..."

आणि मूल दचकून उठलं. आधी नुसतं तोंड उघडलं, आवाज नाही. मग एकदम टाहो फोडला. शेवंतानं त्याला छातीशी दाबलं, पाठ फिरवली, तरी ते थांबेना.

तात्याची काडी वरच्या वर राहिली. दुसऱ्या हाताचा पंजा त्यानं हलगीच्या कातडीवर पसरला. ती अजून घुमत होती, तिला दाबून गप्प केलं, जसं एखाद्या पोराच्या तोंडावर हात ठेवावा.

"पुढं?" साहेब म्हणाले.

"पुढं येत न्हाई साहेब."

"तेव्हा आलं, आणि आज येत नाही?"

मामी भिंतीपासून पुढं आली. तिनं नातवाला शेवंताकडून घेतलं, खांद्यावर थोपटलं. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

"साहेब, तेव्हा हे तीन दिवसांचं होतं. उंबऱ्यापासून चार हातांवर झोळीत निजत होतं. मांजर चाललं तरी जागं व्हायचं. दारात हलगी वाजली असती, तर हे तेव्हा रडलं नसतं? मी उठून बाहेर आले नसते?"

पोपटरावांनी पाय खाली घेतला.

"गेनू," साहेब सावकाश म्हणाले, "शेवटचं विचारतो."

"न्हाई दिली साहेब." तात्यानं हलगी पायाशी ठेवली आणि हात जोडले. "त्या दारात न्हाई दिली. माझी कसूर. मीच झाली म्हनून सांगितलं, मीच अंगठा दिला. ताईंचा काय संबंध न्हाई."

अण्णा तेवढ्याचीच वाट बघत असावेत. "बघा साहेब, हा गेनूचा कामचुकारपणा. म्हातारा झालाय, पाय उचलत नाहीत. गावभर हिंडायला नको म्हणून..."

साहेबांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. मला उलटी अक्षरं वाचता येत होती. गेनू सखाराम, दवंडीवाला, याने कर्तव्यात...

मी उभी होते. मामीचं घर वाचलं होतं. साहेबांनीच लिहिलं होतं ना, दवंडी नसेल तर लिलाव रद्द. माझी नोकरीही वाचत होती. तात्याच तेवढा जात होता, आणि तोही आपल्या पायांनी. काही न बोलता नुसतं उभं राहायचं होतं. उभं राहण्यासारखं सोपं काम मला त्या कचेरीत दुसरं कुठलंच मिळालं नव्हतं.

लिहिता लिहिता साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी पंचनामा मागून घेतला, वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"बाई, इथं लिहिलंय, तुम्ही समक्ष हजर होतात. सही तुमची आहे. मग दवंडी झाली नाही, हे तुम्हाला दिसलं कसं नाही?"

"साहेब, नवीन मुलगी आहे," अण्णा चटकन म्हणाले. "हलगीच्या मागं पोराटोरांची ही गर्दी असते. बोळाच्या तोंडाशी मागं राहिली असेल. गेनू पुढून येऊन म्हणाला झाली, हिनं विश्वास ठेवला. चूक एवढीच." ते माझ्याकडं वळले. "हो की नाही गं?"

"असं झालं का?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. त्यांनाही मी हो म्हणायला हवं होतं, हे मला दिसत होतं.

तात्यानं जोडलेल्या हातांआडून मला डोळ्यांनी खूण केली. म्हणा, हो म्हणा.

मामी माझ्याकडं बघत होती. मूल आता थांबलं होतं, तिच्या मनगटावरच्या पाटल्या चाचपत होतं. तिच्या नजरेत राग नव्हता. त्या दुपारी कचेरीत जो प्रश्न होता, तोच होता. तू होतीस का गं, माझ्या दारात? माझी मूठ आपोआप मिटली होती. कळीसारखी. आईच्या बारा बांगड्या मला आठवल्या. कपाटात रुमालात बांधून ठेवलेल्या, अख्ख्या.

"नाही साहेब," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी मागं राहिले नव्हते. मी गेलेच नव्हते. तात्या हलगी घेऊन निघायच्या आधीच मी पंचनामा लिहून ठेवला होता. संध्याकाळी ते काहीतरी सांगत होते, ते मी ऐकून घेतलं नाही. अंगठ्याची जागा मीच बोट ठेवून दाखवली." अण्णा काहीतरी म्हणायला लागले, पण मी थांबले नाही. मामीकडं बघत म्हणाले, "मामी, मी तुमच्या दारात नव्हते. त्या दिवशी मी खुर्चीवरून उठलेच नव्हते."